डाव्या कानावरचे केस

आई,

काल नेपियर टाउनमधल्या पार्लरमध्ये केस कापायला गेले होते. तुला हे आवडणार नाही, पण माझे केस आता मानेपर्यंतच असतात. या वयात वेणीची उस्तवार मला होत नाही. कापणारी मुलगी विशीतली, तोंड अखंड चालू. मध्येच तिची कात्री थांबली. "आंटीजी, एक बात बोलूँ? आपके बाकी बाल तो पतले हो गए, पर ये लेफ्ट साइड देखो, कान के ऊपर. एकदम घने. इधर कुछ लगाते हो क्या?" मी म्हटलं, "कुछ नहीं लगाते. तुम काटो." ती बिचारी गप्प झाली. माझ्या आवाजाने माणसं गप्प होतात. तो आवाज तुझाच आहे, त्याला माझा इलाज नाही. घरी आल्यावर मात्र हातातला आरसा घेऊन खिडकीपाशी गेले आणि मान वळवून वळवून पाहिलं. मुलीचं म्हणणं खरं होतं. भांग रुंद झालाय, मागून टाळू दिसते, आणि जिथे एके काळी रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली होती, नेमके तिथले केस अजून हटायला तयार नाहीत. पांढरे आहेत, पण दाट आहेत. ही बातमी कुणाला तरी सांगावी असं वाटलं. मुलाला फोनवर सांगितली असती तर "अच्छा" म्हणून त्याने विषय बदलला असता. या बातमीचं मोल कळणारी एकच बाई होती आणि तिला जाऊन फार वर्षं झाली. म्हणून लिहायला बसले.

बाबा गेले तेव्हा मी बालवर्गात होते. त्यांच्या जागी फॅक्टरीने तुला घेतलं. अमरावतीकडच्या गावातून लग्न होऊन जबलपूरला आलेली, जेमतेम चौथी शिकलेली तू, एकदम दारूगोळा भरायच्या विभागात गेलीस. तिथे तू नेमकं काय करत होतीस ते मला आजही माहीत नाही. कॉलनीतल्या मुलांना ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नसे: आतलं विचारायचं नाही, आणि कळलं तर बाहेर सांगायचं नाही. समोरच्या क्वार्टरमधल्या चाचींचे यजमान त्याच फॅक्टरीत होते. तुम्ही दोघी पापडांपासून नणंदांपर्यंत सगळं बोलायचात, पण फॅक्टरीच्या फाटकातून तुमच्या बोलण्यात कधी काही आलं नाही. आपल्या घरात आले ते फक्त नियम. माचिस न्यायची नाही. लोखंडाची पिन नाही, आकडा नाही, नायलॉनचं काही नाही. डोक्याला सुती टोपी, आणि टोपीबाहेर एकही केस दिसायला नको. दिसला की दारातून परत. पिना चालत नसल्यामुळे तुम्ही बायका केस पांढऱ्या सुती नाडीने आवळायचात. नाडी मुळापासून वेणीत गुंफायची, वेण्या डोक्याभोवती फिरवायच्या आणि डाव्या कानाच्या वर करकचून गाठ मारायची.

तुझे केस बांधून झाले की त्याच गुंडाळीतला दुसरा तुकडा माझ्यासाठी. पहिला भोंगा व्हायच्या आधीची वेळ. शेगडीवर डाळ शिजते आहे, मी पाटावर बसले आहे, तू माझ्यामागे गुडघे टेकून. शाळेतल्या बाकीच्या मुलींच्या वेण्या रिबिनीने बांधलेल्या, कानामागून निवांत खाली आलेल्या असतात. माझ्या कपाळाच्या कडेपासून ओढून, तुझ्यासारख्याच डाव्या कानाच्या वर बांधलेल्या, इतक्या घट्ट की भुवया वर चढतात. गाठ मारून झाली की तू एक हिसका देतेस, गाठ बसली की नाही ते पाहायला. त्या हिसक्याने माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

"हलू नको."

"दुखते ना, आई."

"दुखते तं दुखू दे. कोणी म्हणाले नाही पाहिजे का बिनबापाची पोरगी झिपऱ्या सोडून फिरून राहिली."

तुझ्या बांधण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी शाळेतून आले तरी केस सकाळसारखेच असायचे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

बांगलादेशाच्या लढाईचं ते वर्ष. लढाई हिवाळ्यात झाली, पण फॅक्टरीला ती उन्हाळ्यापासूनच दिसत होती. ओव्हरटाइम सुरू झाला, रविवार गेले. तू अंधारात जायचीस आणि अंधारात यायचीस. मी दहावीत होते. पावसाळ्यात एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने माझ्या डोक्याला पेन्सिल टोचली. "ए, तेरे सर पे ये क्या है? बाल कहाँ गए?" मी हात लावला तर डाव्या कानाच्या वर बोटाला केस लागलेच नाहीत. कातडी लागली, मऊ, जणू दुसऱ्याच कुणाची. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गभर झालं की मला गजकर्ण आहे आणि ते लागतं. दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर मी एकटी होते. डबाही एकटीनेच खाल्ला. काही दिवस मी ते चालवून घेतलं, आणि मग एका संध्याकाळी तुला सांगून टाकलं की आता मी शाळेत जाणार नाही.

तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं थांबलं नाही. "शाळेत नाही जात तं काय करशील? माह्यासारखी टोपी घालशील?"

"घालीन. टोपीत दिसत तरी नाही."

तेव्हा मात्र लाटणं थांबलं. पिठाच्या हाताने तू माझं डोकं दिव्याकडे वळवलंस आणि बराच वेळ पाहत राहिलीस. मला कॉलेजात पाठवायचं, हे बाबांच्या माघारी तू एकटीने ठरवलेलं काम होतं. नातेवाइकांच्या नाकावर टिच्चून ठरवलेलं. ते आता एवढ्याशा कातडीवर येऊन अडलं होतं. "जाशील शाळेत," तू म्हणालीस. "केस आणून देते तुले." बाजारातून मेथीची जुडी आणून देते म्हणावं, तसं.

मग इलाज सुरू झाले. कांद्याचा रस झाला. त्याच्या वासाने माझ्या शेजारचा बाकही रिकामा झाला. जास्वंदीच्या फुलांचं तेल झालं, माक्याचा रस झाला. डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली आणि "पढ़ाई की चिंता है" म्हणून गोड औषधाची बाटली दिली. ते औषध मला फार आवडलं, केसांवर मात्र त्याचा काही परिणाम झाला नाही. या सगळ्यात तुझी रीत एकच. सकाळी उठून लेप धुवायचा, केस कोरडे करायचे आणि ती जागा झाकली जावी म्हणून वरून नाडीने वेणी घालायची. झाकायची म्हणून पूर्वीपेक्षाही घट्ट. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा आपल्या दोघींपैकी एकीलाही ते दिसलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला चाची गुंजा घेऊन आल्या. त्यांचा भाचा सराफ्यात एका पेढीवर बसायचा; सोनं तोलायच्या त्या लाल, काळ्या डोळ्याच्या बिया त्याने मूठभर दिल्या होत्या.

"बहन, हमारे मायके में इसी से एक औरत की चोटी वापस आ गई थी."

"कितनी लंबी?" तू विचारलंस.

"अब ये तो नापी नहीं."

तुला पटलं नव्हतं, पण इलाज संपत आले होते. सहाणेवर गुंजा उगाळून तू लेप लावलास आणि कामावर गेलीस. दुपारपर्यंत माझं डोकं भाजल्यासारखं झालं, संध्याकाळी फोड आले. तू आलीस, पाहिलंस, पाणी ओतून ओतून सगळं धुऊन काढलंस आणि उरलेल्या गुंजा मुठीत घेऊन तशीच समोरच्या दारात गेलीस. मला वाटलं, आता भांडण. तू आवाजही चढवला नाहीस. त्यांच्या हातात गुंजा ठेवल्यास आणि म्हणालीस, "इससे सोना ही तौलवाओ, दीदी." त्यानंतर कितीतरी दिवस दोन्ही दारं एकमेकांकडे पाहत नव्हती. शेवटी चाचीच गुजियांचं ताट घेऊन आल्या. ताट माझ्यापुढे ठेवून तुला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बेटा, ये खाने की है, लगाने की नहीं." तू तोंड फिरवलंस, पण तुझे खांदे हलताना मी पाहिले.

फोड बरे होत आले होते तेव्हाची गोष्ट. लढाई अजून लागली नव्हती, पण हवाई हल्ल्याच्या सरावाचे भोंगे वाजू लागले होते. एक दिवस तू ओव्हरटाइम न करता, उजेड असतानाच घरी आलीस. चप्पल न काढता आत आलीस, असं तू कधी करत नसायचीस. दार लावलंस. "इकडं ये. पाटावर बस." मला वाटलं, नवा इलाज आला. पण तू काही लावलं नाहीस. माझी गाठ सोडलीस, नाडी केसांतून ओढून काढलीस, आणि बोटांनी वेण्या मोकळ्या करत राहिलीस. मग हळू आवाजात बोलायला लागलीस, कारण गोष्ट आतली होती.

"आज जेवणाच्या सुट्टीत भोंगा झाला. टोप्या काढून जेवत होतो, तशाच पळालो खंदकात. पदर कुठचा कुठं. खाली डोकं घाला म्हणाले, कानावर हात ठेवा. मी मागच्या रांगेत. समोर साऱ्या बायांची डोकी."

"मग?"

"साऱ्यायच्या डाव्या कानावर हेच."

"हेच म्हणजे?"

"हेच व! रुपयाएवढं. कोणाचं लहान, कोणाचं मोठं. जुन्या बायांचं तं पार कपाळापर्यंत. रोज संग जेवतो, पण टोपी निघाली का लगेच पदर. कोणी कोणाचं डोकं कधी पाह्यलंच नाही. आणि माहे हात होतेच ना माह्या कानावर. बोट जरासं वर नेलं."

तू माझं बोट धरून तुझ्या डोक्यावर नेलंस. डाव्या कानाच्या वर, पदराच्या आत. माझ्यासारखंच गुळगुळीत, फक्त जास्त. "हे मी वयाचं समजून राहिली होती," तू म्हणालीस. तेव्हा तू चाळिशीलाही पोचली नव्हतीस. मग तू ती नाडी माझ्यापुढे जमिनीवर टाकलीस. "नाडी. कांदा नाही का गुंजा नाही. पोरीले मीच रोज सकाळी उपटून राहिली होती." तुझा आवाज ऐकून मला भीती वाटली. तू रडशील असं वाटलं. पण तू एकदम हसलीस. "भोंगा संपला, साऱ्या बाया उठल्या, मीच बसून. साहेब म्हणे, 'बाई, डर गई क्या?'"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो."

दुसऱ्या दिवशी तू माझी एकच सैल वेणी घातलीस, हिसका न देता, आणि उशिरा येण्याची परवानगी घेऊन माझ्याबरोबर शाळेत आलीस. फाटकात शिस्तीच्या बहनजी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या वेणीकडे पाहिलं. "दो चोटी का नियम सबके लिए है." तू म्हणालीस, "नियम ठीक है, बहनजी. पर इसको बीमारी नहीं है. किसी को नहीं लगेगी. इसके बाल मैंने तोड़े हैं, कस-कसके बाँधके." बहनजींना खरं वाटलं नाही. त्या माझ्या डोक्यापासून एक पाऊल मागे सरल्या. तेव्हा, आई, तू भर उजेडात, शाळेच्या अंगणात, वरांड्यातून सगळ्या मुली पाहत असताना डोक्यावरचा पदर काढलास आणि मान वाकवलीस. "ये देखिए. मेरा भी." पदराशिवाय मी तुला दारात उभं राहिलेलंसुद्धा पाहिलं नव्हतं. मी जमिनीकडे पाहत राहिले. बहनजी म्हणाल्या, "ठीक है. अंदर जाओ." त्यांनी वर्गात येऊन काय सांगितलं ते त्यांचं त्यांना माहीत, पण त्याच दिवशी पेन्सिलवाली मुलगी आपलं दप्तर घेऊन माझ्या बाकावर आली. पहिला प्रश्न विचारला, "तेरी माँ फौज में है क्या?"

पुढचा इलाज म्हणजे काही न करणं, आणि तो तुला सगळ्यांत जड गेला. हाताला काही काम हवं म्हणून तू बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून रुंद दातांची लाकडी फणी आणलीस. ती फणी पुढे माझ्या बदल्यांमध्ये कुठेतरी हरवली. मला वस्तू जपायचा नाद नाही. मग लढाई झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, तू आणखीच कमी दिसू लागलीस. लढाई संपली आणि आपल्याला रविवार परत मिळाला.

त्या रविवारांची ऊब मला अजून पाठीवर जाणवते. मागच्या अंगणातली पायरी. मी खालच्या पायरीवर, तू वरच्या. तू माझं डोकं आडवं करून गुडघ्यावर घेतेस, फणीने केस बाजूला सारतेस आणि पाहतेस. बोटाच्या टोकाला थेंबभर खोबरेल. तुझी बोटं टोकांशी पिवळी पडलेली, साबणाने न निघणारी. ती कशाने, हे मी विचारत नाही. बाकीच्या दिवसांत तू मला "जेवली का?" आणि "झोप आता" याखेरीज बोलायला मोकळी नसायचीस. रविवारी बोलायचीस. गावची विहीर, बाबांचं घोरणं, तुझी शाळा कशी सुटली ते.

"काही दिसते?"

"गप बस. केस लाजतात."

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी तुझं बोट थांबलं. "आलं," तू म्हणालीस. "किती?" "उंदराच्या पिलाले असते तेवढं." तू चाचींना हाक मारलीस. त्या चष्मा घेऊन आल्या, वाकून पाहिलं आणि ओरडल्या, "अरे, ये तो मेरी गुंजा का असर है!" मी तोंड उघडणार तोच तू माझ्या डोक्यावर हात दाबलास. "हाँ दीदी, वही होगा."

खंदकातली गोष्ट तू बाकीच्या बायकांना सांगितलीस की नाही, ते मला कळलं नाही. ते आतलं होतं. पण त्या उन्हाळ्यात मी पाहिलं, कॉलनीत जिथे जिथे बाई कामाला जात होती तिथल्या दोरीवर नाड्यांऐवजी जुन्या धोतरांच्या रुंद, मऊ पट्ट्या वाळत होत्या. आपल्याही दोरीवर होत्या. तुझे केस मात्र परत आले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "माही जमीन पडीक झाली. तुही वाचली, बस झालं." आणि लगेच मला डोकं सरळ ठेवायला सांगितलंस.

मी शाळा संपवली, कॉलेजात गेले, एम.ए. झाले, शिकवायला लागले आणि शेवटी मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. शिस्तीत मी कुणाला सूट दिली नाही. मुली मला घाबरायच्या, शिक्षिकाही. फक्त आल्या आल्या वेण्यांचा नियम काढून टाकला, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. कारण विचारायची कुणाची हिंमत झाली नाही, आणि मी सांगितलं नाही.

आता एवढंच राहिलं. आपले रविवार केसांबरोबर संपले नाहीत. पुढचा पावसाळा आला तरी तू डोकं गुडघ्यावर घेऊन म्हणायचीस, "अजून कच्चं आहे. पाहावं लागंल." मी कॉलेजात होते, वेणी कमरेपर्यंत आली होती, तरी तू म्हणायचीस, "इथं जरा विरळच वाटते." माझ्या लग्नाच्या आदल्या रविवारीही पाहिलंस, आणि अजून लक्ष ठेवायला हवं म्हणालीस.

पहिल्याच उन्हाळ्यात मी चाचींचा हातआरसा मागून आणला होता. तू कामावर असताना मागच्या दाराच्या उजेडात, मान वळवून मी नीट पाहिलं होतं. केस सगळे आले होते. विरळ कुठेच नव्हतं. तुलाही ते दिसत होतंच. सुईत दोरा तू पहिल्याच खेपेला ओवायचीस. म्हणजे इतकी वर्षं दर रविवारी तू माझ्याशी खोटं बोललीस, आणि दर रविवारी मी "हो का?" म्हणून पायरीवर बसले.

हे पत्र टपालात टाकायचा प्रश्न नाही. घडी करून ठेवेन, किंवा ठेवणारही नाही. पण मला माहीत होतं, आई.